एकच तार, शंभर गिटारी

विजेवर वाजणाऱ्या गिटारीचे नाव काढले की आपल्याकडच्या रागसंगीताच्या रसिकाच्या कपाळाला हलकीशी आठी पडते. गोंगाट, आरडाओरड, कानांना त्रास अशी तिची ख्याती. मग एक नाही, दोन नाही, शंभर गिटारी एकदम वाजल्या तर काय होईल? आज मी अशा दोन संगीतकारांविषयी सांगणार आहे, ज्यांनी हे खरोखर करून पाहिले. एकाचे नाव रीस चॅथम, दुसऱ्याचे ग्लेन ब्रँका. दोघेही अमेरिकन, दोघेही न्यूयॉर्कमध्ये नावारूपाला आले. एकेकाळी दोघांनी एकाच तुकडीत शेजारी उभे राहून गिटार वाजवली. आणि त्यानंतर, हे सगळे आधी कोणाचे, या एका प्रश्नाने दोघांची नावे एकमेकांना कायमची बांधून टाकली.

मला या भांडणात रस आहे तो कोण जिंकले हे ठरवण्यासाठी नव्हे. दोघांच्या हाती लागलेली गोष्ट एकच होती. पण तिला घेऊन दोघे ज्या दिशांना गेले त्या इतक्या निराळ्या, की त्यातून एक मोठा प्रश्न उभा राहतो. शंभर माणसे एकत्र येऊन एक आवाज काढतात, तेव्हा तो आवाज कोणाचा असतो? त्या शंभरांचा, की त्यांना वाजवायला लावणाऱ्या एकाचा?

हे समजून घ्यायला सुरुवात आपल्या तंबोऱ्यापासून करू. मी काही वर्षे गाणे शिकले. आमच्या बाई गाण्याआधी कितीतरी वेळ नुसता तंबोरा लावून घेत. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, जवारी बरोबर जमली की खर्जाची तार छेडायची आणि गप्प बसून ऐकायचे. तार षड्जाची; पण थोड्या वेळाने तिच्यातून गंधार ऐकू येऊ लागतो. कोणी तो लावलेला नसतो, कोणी तो वाजवलेला नसतो. म्हणूनच आपल्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

यात जादू नाही, तारेचा स्वभाव आहे. ताणलेली तार सबंध लांबीने कंप पावते, तशीच ती त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार, पाच, सहा भागांतही कंप पावत असते. सबंध तारेचा कंप म्हणजे मूळ षड्ज. दोन भागांचा वरचा षड्ज, तीन भागांचा त्याच्यापुढचा पंचम, चार भागांचा आणखी वरचा षड्ज आणि पाच भागांचा तो गंधार. सात भागांपाशी कोमल निषादाच्या जवळचा, पण पेटीवरच्या कोमल निषादापेक्षा बराच उतरलेला एक स्वर येतो. ही माळ पुढे वर वर जातच राहते. या स्वरांना आपण उपस्वर म्हणू. युरोपात मेर्सेन नावाच्या फ्रेंच विद्वानाने १६३६ साली एका तारेतून असे वरचे स्वर ऐकू येतात याची नोंद करून ठेवली आहे. म्हणजे ही गोष्ट जुनी आहे आणि कोणा एकाच्या मालकीची नाही. हे लक्षात ठेवावे, कारण पुढचे भांडण मालकीचेच आहे.

आता न्यूयॉर्कला जाऊ. रीस चॅथमचा जन्म तिथलाच, १९५२ सालचा. पियानो आणि हार्प्सिकॉर्ड ही तारांची वाद्ये सुरात लावून देणे हे त्याचे तरुणपणीचे काम. ज्याचे पोट सुरात लावण्यावर चालते, त्याचा कान उपस्वरांवर फार लवकर तयार होतो. त्यातच तो ला माँट यंग या संगीतकाराकडे शिकला आणि त्याच्या मेळात बसला. यंग हा अमेरिकेतल्या प्रयोगशील संगीताचा एक मूळपुरुष. एक स्वर, दोन स्वर धरून ठेवायचे आणि त्यांच्या पोटात काय काय चालले आहे ते तासन्‌तास ऐकायचे, ही त्याची पद्धत.

इथे आपल्याशी जोडणारा एक खरा धागा आहे. हा ला माँट यंग १९७० पासून पंडित प्राणनाथ यांचा गंडाबंद शिष्य होता. प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. १९७० मध्ये ते अमेरिकेत गेले आणि १९९६ मध्ये तिथेच वारले. वहीद खाँ यांचे नाव महाराष्ट्राला परके नाही. आपल्या हिराबाई बडोदेकर त्यांच्याकडेच शिकल्या. म्हणजे हिराबाईंचे आणि न्यूयॉर्कच्या या यंगच्या गुरूचे नाते एकाच गुरूच्या दोन शिष्यांचे. अर्थात यंग लांबवलेल्या स्वरांकडे वळला तो प्राणनाथ भेटण्याआधीच, १९५० च्या दशकात. तेव्हा विजेच्या गिटारी किराण्यातून निघाल्या असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. पण एकाच स्वराशी तासभर थांबण्याची जी शिस्त चॅथमने यंगपाशी पाहिली, तिच्यात तंबोऱ्याचा वाटा होता, एवढे म्हणायला हरकत नाही.

चॅथम लहान वयातच 'द किचन' या संस्थेचा पहिला संगीत संचालक झाला. ही संस्था न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात १९७१ मध्ये सुरू झाली. आधी जागा खरोखरच एका जुन्या हॉटेलच्या स्वयंपाकघराची होती, म्हणून हे नाव. तिथे नवे संगीत, नृत्य, व्हिडिओ असे सगळे चाले. म्हणजे चॅथम हा विचारी, अभ्यासू, थोडक्या श्रोत्यांच्या संगीताचा माणूस. अशा माणसाला १९७६ साली एक मित्र सीबीजीबी नावाच्या क्लबात घेऊन गेला. तिथे रामोन्स हा पंक रॉक वाद्यवृंद वाजवत होता. अतिशय वेगवान, अतिशय मोठ्या आवाजाची, दोन मिनिटांत संपणारी गाणी. प्रत्येकात तीन-चारच स्वरगुच्छ. चॅथमने पुढे अनेकदा सांगितले आहे की त्या रात्रीने त्याचे आयुष्य बदलले. ही मंडळी तीन स्वरगुच्छांवर गाणे उभे करतात, मी एकाच स्वरावर; म्हणजे आम्ही फार दूर नाही, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने गिटार शिकायला घेतली.

१९७७ मध्ये त्यातून 'गिटार ट्रिओ' ही रचना झाली. तीन विजेच्या गिटारी, एक बेस गिटार आणि ड्रम. रचना म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. वादक बराच वेळ गिटारीची सर्वांत जाड तारच एका लयीत छेडत राहतात. मग हळूहळू बाकीच्या मोकळ्या तारा येतात. चाल नाही, बंदिश नाही, एकल वादनाचा दिमाख नाही. पण छेडण्याची जागा सरकत राहते. तार घोडीजवळ छेडली तर वरचे उपस्वर जास्त उमटतात, मधे छेडली तर आवाज गोल होतो. अँप्लिफायरचा आवाज चढवलेला असल्यामुळे एरवी कानाला पुसटसे लागणारे उपस्वर ठसठशीत होतात. मी ही रचना पहिल्यांदा ध्वनिमुद्रणावर ऐकली तेव्हा पहिली दोन मिनिटे मला फक्त ठोकाठोक ऐकू आली. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला त्या ठोक्यांच्या वर काहीतरी गुणगुणल्यासारखे सुरू झाले आणि मग कान तिकडेच लागून राहिले. वाजवणारे खाली होते, संगीत वर चालले होते.

या 'गिटार ट्रिओ'च्या सुरुवातीच्या प्रयोगांत चॅथमबरोबर ज्यांनी गिटार वाजवली, त्यांत नीना कॅनल होती आणि ग्लेन ब्रँका होता.

ब्रँकाची वाट अगदी उलट्या टोकाकडून आली होती. जन्म १९४८ चा, पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गचा. त्याने संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. तो नाटकवाला. बोस्टनमध्ये नाट्यशिक्षण घेतले, तिथे स्वतःची प्रायोगिक नाटकमंडळी चालवली आणि १९७६ मध्ये न्यूयॉर्कला आला तोही नाटक करायलाच. तिथे तो 'थिओरेटिकल गर्ल्स' या रॉक वाद्यवृंदात शिरला आणि संगीताचाच झाला. म्हणजे पाहा, चॅथम विद्वानांच्या दिवाणखान्यातून रॉकच्या क्लबात उतरला आणि ब्रँका रॉकच्या क्लबातून सिम्फनीकडे चढला. दोघांची गाठ पडली ती जिन्याच्या मधल्या पायरीवर.

१९७९ मध्ये ब्रँकाने सहा गिटारींसाठी स्वतःची रचना केली. १९८० मध्ये त्याची 'लेसन नंबर वन' ही तबकडी निघाली आणि १९८१ मध्ये 'दि असेन्शन'. त्याच वर्षी त्याने आपल्या मोठ्या रचनेला सरळ सिम्फनी क्रमांक एक असे नाव दिले. सिम्फनी हे युरोपीय अभिजात संगीतातले सर्वांत भारदस्त नाव. रॉकमधून आलेल्या, नोटेशनचे शिक्षण नसलेल्या माणसाने ते उचलावे, यातच त्याचा सगळा स्वभाव आला. त्याने गिटारींचे आवाज गायकवृंदासारखे वाटून घेतले, काही वरच्या पट्टीच्या, काही मधल्या, काही खालच्या. एकेका गिटारीच्या सगळ्या तारा एकाच स्वराला, वेगवेगळ्या सप्तकांत लावायच्या, अशीही त्याची रीत. म्हणजे छेडले की तो स्वर झुंडीनेच बाहेर पडावा.

ब्रँकाची तबकडी आधी बाजारात आली. चॅथमच्या 'गिटार ट्रिओ'ची फार उशिरा. लोकांच्या कानी आधी पोचतो तो पहिला, असा जगाचा न्याय आहे. त्यामुळे बराच काळ असे संगीत म्हणजे ब्रँकाचे संगीत, हे समीकरण रूढ झाले. ब्रँकाच्या मेळात वाजवणारे थर्स्टन मूर आणि ली रानाल्डो हे दोन तरुण पुढे 'सोनिक यूथ' या नावाजलेल्या रॉक वाद्यवृंदात गेले आणि त्या वृंदाची १९८२ ची पहिली तबकडीही ब्रँकाच्याच कंपनीने काढली. त्याने ब्रँकाचे नाव आणखी दूर गेले. चॅथमच्या बाजूचे म्हणणे असे की ब्रँका आधी माझ्या तुकडीत होता, ही कल्पना त्याने तिथे पाहिली. ब्रँकाच्या बाजूचे म्हणणे असे की त्याचे संगीत नाटकातून, रॉकमधून आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यातून आले. ब्रँका चॅथमबरोबर वाजवत होता हे कोणीच नाकारत नाही. वाद आहे तो त्याच्या अर्थाबद्दल.

खरे सांगायचे तर दोघांच्या तबकड्या पाठोपाठ ऐकल्या की हा वाद मला फिका वाटू लागतो. एकाच मातीचे दोन कुंभार, पण मडकी वेगळी. चॅथमचे 'गिटार ट्रिओ' एका जागी उभे राहते. त्याला कुठे जायचे नसते. एकच स्वर आतून पाहायचा असतो. ब्रँकाचे 'दि असेन्शन' सतत कुठेतरी चढत असते. ताण वाढतो, फुटेलसे वाटते, फुटत नाही, आणखी वाढतो. नाटकवाल्याला उत्कर्षबिंदू हवा असतो, तो त्यात आहे. चॅथम ऐकताना आपण स्वरात बुडतो. ब्रँका ऐकताना स्वर आपल्यावर कोसळतो. विशेष म्हणजे रॉबर्ट लाँगो हा चित्रकार दोघांचाही मित्र. 'गिटार ट्रिओ'च्या वेळी पडद्यावर दाखवल्या जाणाऱ्या स्लाइड्‌स त्याच्या, आणि 'दि असेन्शन'च्या वेष्टनावरचे चित्रही त्याचेच.

ब्रँका उपस्वरांच्या अभ्यासातही खोल उतरला. १९८३ च्या त्याच्या तिसऱ्या सिम्फनीचा विषयच उपस्वरांच्या माळेतली पहिली १२७ अंतरे हा आहे. त्यासाठी नेहमीची गिटार पुरेना, कारण गिटारीच्या पडद्यांवर हे स्वर बसत नाहीत. मग खास वाद्ये बनवून घेण्यात आली. तंबोऱ्यावर आपण ज्या माळेतला पाचवा मणी ऐकून खूष होतो, तिचे शंभरावर मणी मोजायला हा माणूस निघाला होता.

आता त्या मोठ्या प्रश्नाकडे येऊ. १९८२ च्या उन्हाळ्यात शिकागो येथे नव्या अमेरिकन संगीताचा महोत्सव होता. ब्रँकाने तिथे दहा गिटारींची एक रचना सादर केली. श्रोत्यांत जॉन केज होते. केज म्हणजे त्या पिढीतल्या सगळ्या प्रयोगशील संगीतकारांचे आजोबा. चार मिनिटे तेहतीस सेकंद काहीच न वाजवण्याची रचना करणारे, संगीतातून संगीतकाराची हुकमत काढून टाकावी असे मानणारे. दुसऱ्या दिवशी एका मुलाखतीत केज यांनी स्पष्ट सांगितले की या संगीताने ते अस्वस्थ झाले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की इथे एका माणसाची इच्छा बाकी सगळ्यांवर चालते; अशा समाजात राहायला मला आवडणार नाही; हे राजकारणात असते तर त्याला फॅसिझमसारखे काहीतरी म्हणावे लागले असते.

तरुण संगीतकाराला आपल्या आजोबांनी एवढा मोठा शब्द वापरावा, हे थोडेथोडके नव्हे. तो शब्द ब्रँकाच्या नावाला चिकटला तो कायमचा. आणि तरीही, पुढे त्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण तबकडीरूपाने निघाले तेव्हा केज यांची ती मुलाखतही त्याच तबकडीत घातली गेली. आरोप दडवला नाही, रचनेच्या शेजारी ठेवला आणि श्रोत्यांना ठरवू दिले. मला ही गोष्ट फार आवडते.

केज यांचे म्हणणे मला पूर्ण पटत नाही, पण ते उडवून लावण्यासारखेही नाही. ब्रँका आपल्या मेळाचे संचालन करताना सगळे अंग झोकून देई. हात, खांदे, मान, सगळे. समोरचे वादक त्याच्या हालचालीला बांधलेले. आवाज इतका की श्रोत्याला नाही म्हणायला जागा नाही. समोर भिंत उभी आहे आणि ती आपल्या अंगावर येते आहे, हा अनुभव कोणाला मुक्तीचा वाटेल, कोणाला दडपशाहीचा. पण प्रत्येक सिम्फनीत एकच माणूस काठी हलवतो आणि ऐंशी जण वाजवतात. हुकमत तिथेही असतेच. फक्त तिथे ती कोट-टाय घालून येते. मग गिटारींनाच फॅसिस्ट का म्हणायचे?

उत्तराचा एक भाग आवाजाच्या मोठेपणात आहे. इथे एक हिशोब सांगते, जो मला स्वतःला चकित करून गेला. एका गिटारीचा आवाज समजा ९० डेसिबल आहे. तितक्याच आवाजाच्या शंभर गिटारी वाजल्या तर किती होईल? शंभरपट नाही. भौतिकशास्त्र सांगते की तो ११० डेसिबल होईल, म्हणजे फक्त २० ने वाढेल. आणि आपल्या कानाला साधारण दर १० डेसिबलला आवाज दुप्पट वाटतो. म्हणजे शंभर गिटारी एका गिटारीच्या अदमासे चौपट मोठ्या वाटतील, एवढेच. चारशे घेतल्या तरी वाढ २६ डेसिबलची, म्हणजे सहापट वाटेल इतकी. नुसता मोठा आवाज हवा असेल तर शंभर माणसे गोळा करण्याची गरज नाही. एकाच गिटारीच्या अँप्लिफायरचे बटण पिळले की झाले.

मग शंभर कशाला? तर पोतासाठी. कोणत्याही दोन तारा अगदी तंतोतंत सारख्या लागत नाहीत. एक सेकंदाला ८२ वेळा कंप पावत असेल आणि दुसरी ८३ वेळा, तर त्यांच्या मिलाफाला सेकंदाला एकदा डोल येतो. आवाज भरतो, ओसरतो. शंभर तारांत असे हजारो डोल एकमेकांत मिसळतात. शंभर हातांचे ठोके एकाच क्षणी पडत नाहीत, केसभर मागेपुढे होतात. त्यामुळे ठोका विरघळतो आणि त्याच्या जागी तेवत राहणारा, झिरमिळणारा एक अखंड स्वर तयार होतो. एका व्हायोलिनच्या आणि वीस व्हायोलिनांच्या आवाजात जो फरक, तोच हा. गंमत अशी की हा परिणाम माणसे पूर्णपणे एकसारखी वाजवू शकत नाहीत म्हणूनच येतो. शंभरही जण यंत्रासारखे तंतोतंत जुळले असते, तर एकच जाडजूड गिटार ऐकू आली असती. म्हणजे एकाच्या हुकमतीचे म्हणून हिणवले गेलेले हे संगीत ज्या गोष्टीवर जगते, ती नेमकी प्रत्येकाच्या हाताचा वेगळेपणा ही आहे. केज यांना यातली हुकमत दिसली. हे मात्र त्यांच्या नजरेतून निसटले असावे, असे मला वाटते.

शंभराचा आकडा आधी गाठला तो चॅथमने. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो पॅरिसला राहायला गेला आणि १९८९ मध्ये फ्रान्समधल्या लिल या गावी त्याची शंभर गिटारींची 'अॅन एंजल मूव्ह्‌ज टू फास्ट टू सी' ही रचना सादर झाली. शंभर धंदेवाईक वादक कोणाला परवडणार? म्हणून जिथे कार्यक्रम तिथले हौशी वादक बोलवायचे, काही दिवस तालीम घ्यायची आणि वाजवायचे. कोणी दिवसा नोकरी करणारा, कोणी विद्यार्थी, कोणी गल्लीतल्या रॉक वृंदातला. प्रत्येकाने आपली गिटार आणि आपला अँप्लिफायर घेऊन यायचे. रॉकमधल्या गिटारवाल्याचे स्वप्न असते एकट्याने पुढे येऊन वाजवण्याचे. इथे त्याला शंभरातला एक होऊन एकच स्वर धरायला सांगितले जाते. आणि माणसे येतात, हौसेने येतात.

२००५ च्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये रात्रभर चालणाऱ्या कलामहोत्सवासाठी चॅथमने 'अ क्रिमझन ग्रेल' ही रचना केली. जागा होती माँमार्त्र टेकडीवरचे साक्रे-कर हे प्रसिद्ध चर्च. गिटारी चारशे. त्या घुमटाखाली एकदा निघालेला आवाज कितीतरी सेकंद रेंगाळतो, म्हणून संगीत संथ ठेवलेले, एक स्वर पुरता विरायच्या आत दुसरा हळूच त्यात मिसळणारे. याचे ध्वनिमुद्रण ऐकले तर गिटार आहे हे ओळखूही येत नाही. दूरवर मोठा गायकवृंद आकार लावतो आहे, असा भास होतो. चॅथमने तीस वर्षांपूर्वी तीन गिटारींच्या ठोक्यांवर जे गुणगुणणे ऐकले होते, ते इथे ठोक्यांशिवाय, नुसते उरले आहे.

हीच रचना २००८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या उघड्या मैदानात दोनशे गिटारींनिशी व्हायची होती. तालमी झाल्या, वादक जमले, आणि पाऊस आला. दोनशे जणांच्या हातात विजेची वाद्ये आणि वरून पाणी. कार्यक्रम रद्द करावाच लागला. वर्षभराने, ऑगस्ट २००९ मध्ये तो झाला. तिथे वादक समोरच्या मंचावर एकवटलेले नव्हते. श्रोत्यांच्या भोवती पसरून उभे होते. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. भिंत समोर असली की ती अंगावर येते. ती भोवताली असली की तिचे घर होते.

ब्रँकाही शंभरापर्यंत पोचला. त्याची तेरावी सिम्फनी, 'हॅल्युसिनेशन सिटी', शंभर गिटारींसाठी आहे. तिचा पहिला प्रयोग १३ जून २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन मनोऱ्यांच्या पायथ्याशी असलेल्या चौकात. तीन महिन्यांनी, ११ सप्टेंबरला, ते मनोरे उरले नाहीत. सिम्फनी मात्र राहिली आणि नंतर इतर शहरांतून वाजत गेली. तिथेही हौशी स्वयंसेवक वादकच गोळा केले जात. म्हणजे ज्याच्यावर हुकूमशाहीचा आरोप झाला, त्याच्याही हाकेला माणसे आपापल्या गिटारी खांद्याला लावून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता येत राहिली. त्यांना कोणी हुकूम केला नव्हता.

एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. या संगीताची किंमत कान मोजू शकतात. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तासांहून अधिक राहू नये, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. म्हणून अशा कार्यक्रमांत श्रोत्यांना कानांत घालायचे बोळे दिले जातात. ते न घालणे हे शौर्य नव्हे. गेलेले ऐकणे परत येत नाही, आणि ज्या उपस्वरांसाठी हा सगळा खटाटोप, ते वरचेच स्वर कान आधी गमावतात.

आता 'आधी कोण?' या प्रश्नाकडे शेवटचे एकदा पाहू. प्रयोगशील कलेला फ्रेंचमध्ये अवाँगार्द म्हणतात. मूळ शब्द लष्करातला; फौजेच्या पुढे चालणारी तुकडी. तिथे सगळी प्रतिष्ठा पुढे असण्याची. म्हणून 'माझ्या आधी हे कोणी केले नव्हते' हे वाक्य तिथे भांडवल असते. आपल्या घराण्यांत भांडवल उलटे असते. 'हे माझे नाही, गुरूंचे आहे' असे म्हणताना गवई कानाच्या पाळीला हात लावतो. दोन्ही रीतींत सोय आहे आणि दोन्हींत खोटही. घराण्याच्या नावाखाली नवे करणारा दडपला जातो; पहिलेपणाच्या नादात ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव पुसले जाते. चॅथमने यंगचे नाव घेतले, रामोन्सचेही घेतले. ब्रँकाने कोणाचे नाव घ्यायला हवे होते, यावर मी निकाल देणार नाही. पण एवढे दिसते की एका तारेत किती स्वर आहेत हे पाहणाऱ्यांच्या लांब रांगेत हे दोघेही उभे आहेत. आणि त्या रांगेत यंग आहे, प्राणनाथ आहेत, वहीद खाँ आहेत आणि तो सतराव्या शतकातला मेर्सेनही आहे.

ग्लेन ब्रँका १३ मे २०१८ रोजी घशाच्या कर्करोगाने गेला. तोवर त्याच्या सिम्फन्यांची संख्या सोळापर्यंत पोचली होती आणि सोळावी, २०१५ ची, पुन्हा शंभर गिटारींचीच होती. ज्यांना हे संगीत ऐकून पाहायचे आहे त्यांनी सुरुवात 'गिटार ट्रिओ'पासून करावी, मग 'दि असेन्शन' आणि शेवटी 'अ क्रिमझन ग्रेल'. आवाज बेताचाच ठेवावा. आणि त्याआधी घरात तंबोरा असेल तर खर्जाची तार पाच-दहा मिनिटे एकटीच छेडून गंधाराची वाट पाहावी. तो ऐकू आला की पुढची वाट सोपी आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)